शेवटून पहिला

बस पिंपरीच्या तलावाशी रिकामी होते. ही पिंपरी मुळशी तालुक्यातली, चिंचवडवाली नव्हे. ट्रेकवाल्यांच्या मेसेजमध्ये हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. पोरं उतरतात, सॅक पाठीला लागतात, पोंचो फडफडायला लागतात, आणि ड्रायव्हर बस वळवून एकटाच ताम्हिणी घाट उतरायला निघतो. विळे, पाटणूस, मग भिरा. संध्याकाळपर्यंत तो तिथं थांबणार आणि बेचाळीस माणसं मधल्या जंगलातून, म्हणजे अंधारबनातून, चालत खाली येऊन त्याला गाठणार. सकाळी बस दिसेनाशी झाली की घरी नेणारं वाहन घाटाच्या पायथ्याशी, दुसऱ्या जिल्ह्यात असतं. मागे फिरायचं म्हटलं तर पिंपरीत चहाची टपरी आहे, बस नाही.

संपादकांनी मला पाठवलं ते पावसाळी पुरवणीसाठी. त्यांच्या मनात धबधबे होते. माझ्या डोक्यात मात्र ही रिकामी बस बसली, कारण या सगळ्या धंद्याची गोम तिच्यात आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून निघून वाळवंटातून थेट डार्विनच्या समुद्रापर्यंत तंबू टाकत जाणाऱ्या सहली असतात. अंतर तीन हजार किलोमीटर, खाली लाल माती, झोपायला ‘स्वॅग’ म्हणतात ती कॅनव्हासची वळकटी. आपल्याकडे तेरा-चौदा किलोमीटर, एक दिवस, आणि परत येईपर्यंत कपड्यांचा वास. पण धंद्याची जात तीच. एकमेकांना न ओळखणारी माणसं पैसे भरून एकत्र येतात, मोबाइलची रेंज जाते, आणि पुढचा मुक्काम येईपर्यंत सगळ्यांचा जीव दोन-तीन अनोळखी पोरांच्या हवाली असतो. पैसे किती? पुण्याहून पुण्यापर्यंत, चहा-पोहे-जेवण धरून, हजाराच्या आसपास.

त्या दोन-तीन पोरांपैकी पुढे चालणाऱ्याला ‘लीड’ म्हणतात. तो फोटोत असतो, इन्स्टाग्रामवर असतो, त्याच्या टोपीला बॅज असतात. सगळ्यात शेवटी चालतो तो ‘बॅक’. आमच्या गटाचा बॅक निव्याच्या बाजूच्या एका वाडीतला, पंचविशीतला, आठवडाभर पिरंगुटच्या एका कंपनीत मशिनवर आणि शनिवार-रविवार इथं. पायात प्लॅस्टिकचे पावसाळी बूट, कमरेला आकडीत कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं, गळ्यात शिट्टी. निघण्याआधी लीडनं अर्धा तास भाषण केलं. कचरा करू नका, दगडावर पाय ठेवताना बघा, ग्रुप सोडू नका. बॅक एवढंच बोलला, “माझ्या मागं कुणी राहायचं न्हाय. फोटोला न्हाय, आन् आडोशाला जायचं असलं तरी सांगून जायचं.” पोरी हसल्या. पुढे दिवसभर बघितलं, हा नियम तो कसा पाळतो ते. ज्याला किंवा जिला जायचं, त्यानं सॅक पायवाटेवर ठेवायची. बॅक त्या सॅकशेजारी जंगलाकडे पाठ करून बसतो. सॅक उचलली गेली की मग तो उठतो. सॅक तिथं असेपर्यंत त्याचा ट्रेक तिथंच थांबलेला.

अंधारबन हे नाव जाहिरातवाल्यांनी दिलेलं नाही. वाट सुरू झाल्यावर थोड्याच वेळात झाडी डोक्यावर मिटते आणि दुपारी बारालाही उजेड हिरवट, जुन्या बाटलीतून बघितल्यासारखा होतो. जांभूळ, अंजन, हिरडा, खाली कारवीचं रान. वर कुठंतरी शेकरू ओरडतं आणि बेचाळीस माणसं एकदम वर बघतात, म्हणजे बेचाळीस माणसं एकाच वेळी पायाखालचं बघायची थांबतात. बॅक तेवढ्यात मोजून घेतो.

मोजणी ही या ट्रेकची खरी यंत्रणा. बसमध्येच प्रत्येकाला नंबर मिळालेला असतो. लीडनं हाक दिली की एकपासून ओरडत यायचं. बाहेरून बघताना शाळेची सहल वाटते. प्रत्यक्षात सतरा नंबरच्या कानात हेडफोन असतात, तेवीस नंबर मित्राच्या वतीनं चोवीसही ओरडून मोकळा होतो, आणि कुणीतरी मध्येच हसून साखळी तोडतं. बॅकचा या ओरडण्यावर काडीचा विश्वास नाही. यादी फोनमध्ये असते, पण फोन भिजतो, म्हणून त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा. तो मोजतो ओढ्यावर. जंगलात माणसं घोळक्यानं चालतात, ओढा मात्र एकेकानंच ओलांडावा लागतो. ज्या जागेची सगळ्यात जास्त भीती, तीच जागा त्याला खरा आकडा देते.

ओढ्यावर त्याला काम करताना बघणं हा माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. पाणी गुडघ्याच्या वर होतं. त्यानं आधी पाण्याकडे बघितलंच नाही, वर डोंगराकडे बघितलं. मग काठावरच्या एका काळ्या दगडाकडे. त्या दगडाचं डोकं दिसत असेल तर माणसं सोडायची, दगड बुडाला की नाही. दर पावसाळ्यात दगड हलतो, तेव्हा पहिल्या फेरीला नवा दगड ठरवायचा. पाण्याचा रंग नितळ होता. गढूळ झालं, पानं-काटक्या यायला लागल्या, किंवा आवाज जड झाला, म्हणजे वर पाऊस झालाय आणि लोंढा वाटेत आहे. खाली ऊन असलं तरी. इथले ओढे कड्याच्या अंगावरून सरळ येतात, त्यांना पसरायला मैदान नाही. चढतात ते बघता बघता, आणि थोडं थांबलं तर उतरतातही तसेच. “निम्मं काम थांबायचंच,” तो म्हणाला, “पन थांबायचे पैसे दिलेत असं कुणाला वाटत न्हाय.”

दोर त्यानं आडवा न बांधता तिरका बांधला, खालच्या अंगाला उतरता. म्हणजे पाणी माणसाला ढकलतं तेव्हा पलीकडच्या काठाकडेच ढकलतं. पोटाला दोर बांधून द्या, असं एका काकूंनी सुचवलं. तो नाही म्हणाला. बांधलेला माणूस पडला तर दोर ताणला जातो आणि पाणी त्याला तिथंच दाबून धरतं. मोकळा माणूस निदान काठाला लागू शकतो. सॅकचा छातीवरचा पट्टा सोडायला लावला, तोंड पाण्याच्या उगमाकडे, पाय घासत, न उचलता. दोराच्या खालच्या बाजूला लीड कमरेएवढ्या पाण्यात उभा. बॅक अलीकडच्या काठावर, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून पाण्यात सोडत होता, आणि हात लावताना ओठ हलत होते. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. बेचाळीसावा मी. माझ्या मागून त्यानं दोर सोडला, अंगाभोवती घेतला आणि धरायला काही नसताना ओढा ओलांडला.

मधल्या मोकळ्या जागी खाली कुंडलिकेचं खोरं दिसतं, ढग असतील तर दिसत नाही. आम्हाला अर्धं दिसलं. तिथं एका जुन्या ट्रेकरनं मुळशीचा इतिहास काढला, तो थोडक्यात सांगून टाकतो, कारण त्याशिवाय इथला उतार कळत नाही. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधायला घेतलं. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, घोषणा ‘जान किंवा जमीन’. जमीन गेली. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं, आज त्याची क्षमता 300 मेगावॅट आहे. पूर्वेला वाहणारं पाणी अडवून पश्चिमेला सुमारे 500 मीटर खाली सोडायचं, ही त्यातली करामत. अंधारबनाची वाट जवळपास तेवढंच उतरते, तेही त्याच भिऱ्यापर्यंत. पाणी हे अंतर बोगद्यातून आणि पाइपांतून पार करतं, आपण गुडघ्यांवर. वीज तयार करून सोडलेल्या त्या पाण्यावर पुढे कोलाडला राफ्टिंग चालतं, आणि वर, बुडालेल्या गावांच्या कडेनं, ‘लेकसाइड’ तंबू लागतात, बार्बेक्यू आणि गिटारसकट. मुळशीच्या पाण्यावर कोण कोण जगतं याचा हिशेब सत्याग्रहींनी मांडला होता त्यापेक्षा खूपच लांबला आहे.

हिरडी या वाटेवरच्या वाडीत जेवण. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, भात, आमटी. वाडीतल्या एका घरानं पहाटेपासून चाळीस-पन्नास माणसांचं रांधलेलं असतं. भाकऱ्या करणाऱ्या मावशी बोलल्या नाहीत, वेळ नव्हता त्यांना. बॅक सगळ्यात शेवटी जेवायला बसला, तोवर पिठलं संपत आलं होतं. त्यानं आमटीत भाकरी कुस्करली.

हिरडीनंतर सोपं असेल असं वाटतं. तिथंच खरा उतार लागतो, सुट्या दगडांचा, शेवाळलेला. गुडघे बोलायला लागतात. गट ताणला जातो, पुढचे भिऱ्याच्या चहापर्यंत पोचलेले आणि मागचे अजून अर्ध्यात. आमच्यातल्या एकीचा घोटा मुरगळला. बॅकनं कोयत्यानं कारवीची एक दांडी तोडून तिला काठी दिली, तिची सॅक स्वतःच्या छातीवर घेतली आणि तिच्या वेगानं चालायला लागला. अंधार पडायला आला तेव्हा आम्ही खाली होतो. बसमधले वैतागलेले होते. इंजिन सुरू करून ठेवलेलं.

वाटेत बॅकशी बोललो ते बहुतेक अडचणींचंच. पहिली अडचण पाऊस. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात सरासरीनं साडेसातशेच्या आसपास पडतो. अशा दिवशी कुठलाही काळा दगड कामाचा नाही. त्याआधीच, 30 जूनला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली होती. मग जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश आले आणि ताम्हिणी अभयारण्यातल्या अंधारबन, प्लस व्हॅलीसारख्या वाटा वन खात्यानं पावसाळ्यात बंद केल्या. अभयारण्य 2013 पासूनचं, त्यामुळे वन खात्याला तो अधिकार आहेच. आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, तोही म्हणाला नाही.

पण बंदी कुणाला लागते? राज्यानं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा वगैरे. जो गट नोंदणी करतो त्याचं नाव-पत्ता सरकारकडे असतो, त्याची बस चौकीवर ओळखता येते. तो थांबतो. दुचाकींवरून दोघं-दोघं आलेली सहा पोरं थांबत नाहीत, कारण ती कुणाचाच गट नाहीत. त्यांच्याकडे दोर नसतो, यादी नसते, आणि मुख्य म्हणजे बॅक नसतो. लोणावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘सिक्रेट पॉइंट’ नावाची जागा आहे, रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. ती गर्दी बघितली की कागदावरचा आदेश आणि रस्ता यांच्यात किती अंतर आहे ते कळतं.

बंदी दुसऱ्या तऱ्हेनंही घालता येते. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या कातळावर चढायला 26 ऑक्टोबर 2019 पासून बंदी आहे. तिथल्या उद्यानाच्या मंडळात अनंगू या मूळ रहिवाशांचं बहुमत आहे, आणि निर्णय त्या मंडळानं दोन वर्षं आधी घेऊन जाहीर केला. सहलवाल्यांना वेळ मिळाला, त्यांनी चढाईऐवजी पायथ्याची फेरी धरली. मुळशीत आदेश रात्री व्हॉट्सॲपवर येतो. तेव्हा हिरडीत पीठ भिजवायची वेळ जवळ आलेली असते, बसचा ॲडव्हान्स गेलेला असतो. हिरडीतल्या भाकऱ्या करणाऱ्या बाई मंडळावर असतील तर काय ठरेल, मला माहीत नाही. कदाचित त्याही जुलैत वाट बंदच ठेवतील. निदान आठ दिवस आधी सांगतील.

बंदीच्या दिवसांत बॅक कंपनीत ओव्हरटाइम करतो. त्यात ट्रेकपेक्षा थोडे जास्तच मिळतात, असं म्हणाला. तरी संध्याकाळी फोन येतात. कुणाच्या तरी मित्राच्या मित्रानं नंबर दिलेला असतो, “आम्ही हिरडीच्या पुढे कुठंतरी आहोत, वाट दिसत नाही, बॅटरी सहा टक्के.” मग वाडीतली दोघं-तिघं बॅटऱ्या आणि दोर घेऊन निघतात. पहिला प्रश्न नेहमी एकच, तुम्ही किती जण होता. बऱ्याचदा याचंही उत्तर धड मिळत नाही. कुणी म्हणतं सात, कुणी म्हणतं दोघं परत फिरले असतील. तेवढ्यावर रात्री ओढा ओलांडायचा की नाही, हे ठरवायचं.

त्याची मागणी साधी आहे. पिंपरीच्या तोंडाशी एक माणूस, एक वही. भिऱ्याला एक माणूस, एक वही. आत किती गेले, बाहेर किती आले, संध्याकाळी फोनवर दोन आकडे जुळवायचे. बंदी असो वा नसो. हे त्यानं एकदोन ठिकाणी सांगूनही बघितलं आहे. वरचं टोक पुणे जिल्ह्यात, खालचं रायगडात, त्यामुळे वह्या कुणाच्या आणि माणसांचा पगार कुणी द्यायचा, इथंच बोलणं अडतं. परतताना बस पौडच्या पुढं गेल्यावर रेंज आली. त्यानं पुढच्या शनिवारची यादी उघडली आणि बघितलं तर तिच्यात दोन नावांपुढं नंबरच पडले नव्हते. तेवढ्यावरून त्यानं लीडला मागच्या सीटवरूनच हाक मारली.