दुभती गाय की कालवड?

श्रोतेहो, समजा आपल्या गोठ्यात दोन कालवडी आहेत. अजून गाभण नाहीत. पण जात चांगली, अंगकाठी चांगली, आणि घरातल्या जाणत्या माणसाचे म्हणणे असे की पुढे दुधाला काही उणे पडणार नाही. अशात बाजारात एक गाय येते. चार वेते झालेली, दुधाची खात्री असलेली. गाईचा मालक म्हणतो, "दोन्ही कालवडी द्या आणि गाय घेऊन जा." काय करावे?

घरात तान्हे मूल दुधावाचून अडले असेल तर एक उत्तर येईल. तशी नड नसेल तर दुसरे येईल. गाय खरी, तिचे दूधही खरे. पण तिची वेते आता थोडी उरली, हेही खरेच. कालवडीचे सगळे पुढे आहे. आणि जे पुढे असते त्याची हमी कोणी देत नाही.

हाच सवाल खेळातही येतो. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

ठाणे जिल्ह्यातले मीरा-भाईंदर घ्या. तेथे १९८५ साली नगर परिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. इमारती वाढल्या, तरी राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही जुनी गावे आपल्या जागी आहेत. या किनाऱ्याच्या आगरी-कोळी माणसाला कबड्डी शिकवावी लागत नाही. अशा ठिकाणी मुंबईच्या 'यू मुंबा'चे लोक भेटतात, तसे पुण्याच्या 'पुणेरी पलटण'चेही भेटतात; आणि खेळाडू घ्यायचा की सोडायचा हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, "करंडक आणून देणाऱ्या माणसाला कोणी सोडतं होय?" दुसरा म्हणतो, "अरे, एकट्याच्या पैशात चार पोरं उभी राहतात!" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच वाद मिटत नाही.

हा वाद फार जुना आहे आणि तो सातासमुद्रांपलीकडेही आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजासारखाच तो, पण त्याचे महत्त्व गोलंदाजाहून मोठे. एक चांगला पिचर त्या दिवशीचा सामना जवळजवळ आपल्या हातात ठेवतो. तेथे एक संघ आपले उमेदवारीतले तरुण खेळाडू दुसऱ्या संघाला देतो आणि त्यांच्या बदल्यात तयार पिचर घेतो. रोख पैशाची गरजच नाही. सरळ अदलाबदल, आपल्या गोठ्यातल्यासारखी.

१९८७ च्या ऑगस्ट महिन्यात डेट्रॉइट टायगर्स या संघाने असा सौदा केला. मोसम संपत आला होता, आपल्या गटात पहिले येण्याची संधी समोर होती, आणि एक भरवशाचा पिचर कमी पडत होता. त्यांनी अटलांटा ब्रेव्हज या संघाकडून डॉइल अलेक्झांडर हा ३६ वर्षांचा मुरलेला पिचर घेतला. बदल्यात दिला जॉन स्मोल्ट्झ. वय २०, डेट्रॉइटच्याच मुलखात वाढलेला पोरगा, अजून मोठ्या संघातून एकही सामना न खेळलेला.

पुढे काय झाले ते ऐका. अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी त्या मोसमात ९ सामने जिंकून दिले आणि एकही हरला नाही. संघ गटात पहिला आला. म्हणजे ज्या कामासाठी गाय आणली ते काम तिने केले. पण नंतरच्या फेरीत डेट्रॉइट मिनेसोटाकडून हरले, आणि १९८९ च्या मोसमानंतर अलेक्झांडरचा खेळ संपला. तिकडे स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीस वर्षे खेळला. १९९५ साली तो संघ अजिंक्य ठरला त्यात तो होता. कारकिर्दीत २१३ विजय त्याच्या नावावर लागले, आणि २०१५ साली बेसबॉलच्या थोरांच्या दालनात त्याला मानाची जागा मिळाली.

आता डेट्रॉइटचे चुकले का? पुढचे ठाऊक असलेला माणूस लगेच 'चुकले' म्हणेल. पण १९८७ च्या ऑगस्टमध्ये हे कोणाला दिसत होते? स्मोल्ट्झसारखे आशादायक वाटणारे आणि पुढे कोठेच न पोहोचलेले पोरगे किती असतील, त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही. ज्याचे सोने झाले त्याची गोष्ट सांगितली जाते. ज्याची माती झाली त्याची सांगितली जात नाही. एवढे लक्षात ठेवून मगच अशा गोष्टींवरून धडा घ्यावा.

आता आपल्या कबड्डीकडे येऊ. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तिच्यात खेळाडूंचा लिलाव होतो. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. तिला आपण थैली म्हणू. २०२३ च्या लिलावात, म्हणजे दहाव्या मोसमासाठी, ही थैली ५ कोटी रुपयांची होती. याखेरीज नव्या तरुण खेळाडूंचा एक वेगळा वर्ग ठेवलेला आहे. संघांची माणसे गावोगावच्या स्पर्धा पाहून पोरे हेरतात आणि त्यांना बेताच्या मानधनावर करारात बांधतात.

येथे पोरे देऊन तारा घेण्याचा व्यवहार सरळ होत नाही, थैलीच्या मार्गाने होतो. थैलीतला मोठा वाटा एकावर गेला की बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी उरते. मग कोणाला तरी सोडावे लागते. अदलाबदल झालीच, फक्त ती पैशाच्या आडून झाली.

पुणेरी पलटणचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २०२१-२२ च्या मोसमात या संघाने अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नव्या चढाईपटूंना मॅटवर उतरवले. अस्लम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. संघाने या पोरांना हरण्याची मुभा दिली, म्हणजेच वेळ दिला. २०२२ च्या डिसेंबरात, नवव्या मोसमात, हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जयपूरकडून २९ विरुद्ध ३३ असा चार गुणांनी हरला.

चार गुण म्हणजे किती? दोन-तीन चांगल्या पकडी. २०२३ च्या लिलावात पुण्याने इराणचा मोहम्मदरेझा शादलुई हा डावा कोपरारक्षक २ कोटी ३५ लाखांना घेतला. पाटण्याच्या संघातून नाव झालेला, वयाने तोही तरुणच, पण पकडीत कसून तयार. थैलीचा जवळजवळ अर्धा भाग एका माणसावर गेला. तरीही पुण्याला आपली पोरे सोडावी लागली नाहीत, कारण ती स्वतःच वाढवलेली होती आणि त्यांचा भार थैलीवर फार नव्हता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८ विरुद्ध २५ असे हरवले आणि पहिल्यांदा अजिंक्यपद घेतले. त्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तो आपला अस्लम, आणि सर्वोत्तम बचावपटू शादलुई. कालवडही होती आणि गायही.

त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत हा चढाईपटू घेतला, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. अर्ध्याहून अधिक थैली गेली. पवनच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती. पण त्याच्या मागे उभा राहील असा संघ जमला नाही, आणि टायटन्स त्या मोसमात २२ सामन्यांपैकी अवघे २ जिंकून तळाला राहिले. कबड्डीत सात जण मॅटवर असतात. एकटा चढाईला जाऊन गुण आणील. पण तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत आत आणायला पकड करणारे हात लागतात. ते नसतील तर कोट्यवधींचा खेळाडू बाकावर बसून सामना पाहतो.

याच पवनची आणखी एक हकिकत आहे. २०२२ साली तामिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले होते. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सारा मोसम हातचा गेला. लोकांना वाटले, संपले. पण नरेंदर नावाच्या नव्या पोराला त्यामुळे चढाया मिळाल्या. त्याने त्या मोसमात दोनशेच्या वर गुण आणले आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. पवन धडधाकट असता तर नरेंदरला एवढ्या चढाया मिळाल्या असत्या का? ताऱ्याची किंमत पैशात मोजतात, पण दुसऱ्या कोणाची तरी हुकलेली पाळी हीही त्याच किमतीत धरली पाहिजे.

पुण्याची गोष्ट अजून पुरी झाली नाही. २०२४ च्या लिलावाआधी पुण्याने शादलुईला सोडले. तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि त्या वर्षी २९ डिसेंबरला, तेही पुण्यातच बालेवाडीला, हरियाणाने पाटण्याला ३२ विरुद्ध २३ असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. पुणे मात्र बाद फेरीतही पोहोचले नाही. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर बसला होता. तेव्हा 'सोडायला नको होता' म्हणणाऱ्यांचा आवाज चढला. पण २०२५ साली तेच पुणे, अस्लमच्या नेतृत्वाखाली, पुन्हा अंतिम सामन्यात उभे राहिले. ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून २८ विरुद्ध ३१ असे तीन गुणांनी हरले. आणि शादलुई? तो त्या वर्षी २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे होता. गुजरात बाद फेरीत नव्हते. तेव्हा मंडळी, ताऱ्याला सोडले म्हणून संघ बुडतोच असे नाही, आणि तारा आणला म्हणून तरतोच असेही नाही.

मग ठरवावे कसे? या हकिकतींतून तीन प्रश्न हाती लागतात.

पहिला: आपण विजयापासून किती पावले दूर आहोत? २०२२ चे पुणे चार गुण दूर होते, १९८७ चे डेट्रॉइट काही आठवड्यांवर होते. एक वीट कमी असेल तर ती विकत आणावी. पायाच भरलेला नसेल तर महागडा कळस आणून ठेवायचा कोठे?

दुसरा: तारा गेल्यावर मागे काय राहते? तो उद्या दुखावेल, परवा दुसऱ्याकडे जाईल. तेव्हा त्याच्या जागी उभा राहणारा आपल्याजवळ तयार होत आहे का?

तिसरा: आज ज्याची पाळी जाते तो पोरगा कोठे खेळणार? हा प्रश्न चाहते सहसा विचारत नाहीत. मोठ्या संघात सोडलेल्याला दुसरा संघ मिळू शकतो. स्मोल्ट्झला अटलांटा मिळाले. गावात तसे नसते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपला संबंध येतो तो येथे. जत्रेच्या स्पर्धेत रोख बक्षीस लागते. मंडळाचे कार्यकर्ते बाहेरगावचा नावाजलेला चढाईपटू दोन दिवसांसाठी आणतात आणि गावचा बारावीतला पोरगा बाकावर बसतो. वर्षभर पहाटे माती त्याने तुडवलेली असते. एखाद्या वर्षी असे झाले तर फार बिघडत नाही. उलट त्या पाहुण्याबरोबर चार दिवस सराव केला तर पोराला शिकायलाही मिळते. पण दर वर्षी असेच होऊ लागले तर पोरगा काय ते ओळखतो. तो मैदानावर यायचा थांबतो, आणि दोन-चार वर्षांनी त्या गावाला पूर्ण संघच पाहुण्यांचा करावा लागतो. बियाणे दळून खाल्ल्यावर पेरणीच्या दिवशी बाजार गाठावा लागतो, तशातली गत.

तेव्हा बाहेरचा खेळाडू आणायचाच झाला तर अट घालावी. तो मॅटवर असेल तेव्हा आपली निदान दोन तरुण पोरे त्याच्या जोडीला असावीत. सरावाला त्याने यावे. आणि पहिल्या फेरीचे सामने आपल्याच पोरांनी खेळावेत. शाळेच्या संघात तर करंडकापेक्षा कोणाला किती चढाया मिळाल्या याची वही ठेवणे अधिक उपयोगाचे. वर्षाअखेर ती वही उघडली की कोणाची पाळी हुकत गेली ते आपोआप दिसते, आणि पुढच्या वर्षी कोणाला पुढे करायचे तेही कळते.

गाय घेण्यात काही गैर नाही. घरात नड असली तर ती घ्यावीच. फक्त कालवडीची दावी सोडण्याआधी गोठ्यात एकदा नीट पाहावे: आणखी किती आहेत, आणि त्यांना चारा कोण घालतो आहे.