पुस्तक आहे, पण सापडत नाही

सिंधुदुर्गातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालाला पुस्तकांचे शत्रू विचारा. तो बोटांवर मोजून सांगेल : दमट हवा, कसर, वाळवी, झुरळं, आणि पुस्तक घेऊन मुंबईला गेलेला तो परत न फिरकलेला वर्गणीदार. वेंगुर्ल्यासारख्या बंदराच्या गावात त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. मिरगापासून दसऱ्यापर्यंत कपाट उघडलं की आधी कुबट वास येतो, मग डांबरगोळ्यांचा, आणि त्यानंतर पुस्तकाचा. या यादीत एक शत्रू मात्र सहसा येत नाही. तो म्हणजे चुकलेली नोंद. तिच्यामुळे पुस्तक फाटत नाही की भिजत नाही, कपाटात शाबूत राहतं. फक्त ते मागणाऱ्याच्या हाती पडत नाही. ग्रंथालयांत संगणक आला तेव्हा हा शत्रू संपेल असं सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात तो बळावला. म्हणून ग्रंथालयांच्या डिजिटल होण्याची गोष्ट सांगायची तर स्कॅनरपेक्षा नोंदवहीपासून सुरुवात केलेली बरी.

या किनाऱ्याला वाचनालयं नवी नाहीत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ची. गावाला नगर वाचनालयही आहे. आणि लिहिणाऱ्यांचं म्हणाल तर या तालुक्याच्या वाट्याला जरा जास्तच आलेत. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. जयवंत दळवी आरवलीचे. मंगेश पाडगावकर १९२९ साली वेंगुर्ल्यात जन्मले, आणि पुढच्याच वर्षी बागलांची राई इथे चिं. त्र्यं. खानोलकर. ही नावं अभिमानाने घेतली जातात, ठीकच आहे. इथे मात्र ती वेगळ्या कामासाठी घेतोय. ग्रंथपालाचं कौशल्य जोखायचं असेल तर यांच्या पुस्तकांइतकी चांगली परीक्षा नाही.

आधी काम कसं चालतं ते पाहू. पुस्तक विकत आलं की देणगीत आलं, ते पहिल्यांदा दाखल नोंदवहीत चढतं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, किंमत, कुठून आलं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर शिक्का, आणि दुसरा शिक्का ठरलेल्या एका आतल्या पानावर, जे फक्त ग्रंथालयाला ठाऊक असतं. पुढची पानं फाडून पुस्तक लांबवलं तरी ते पान साक्ष देतं. मग वर्गीकरण. मोठ्या ग्रंथालयांत ड्यूईचे दशांश आकडे; गावात बहुधा कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक, बाल अशी सरळ विभागणी. मग तालिकेचं पत्र : एक लेखकाच्या नावाने, एक पुस्तकाच्या, जमलं तर एक विषयाच्या. शेवटी देवघेवीचं पाकीट चिकटवलं की पुस्तक फिरायला मोकळं.

हे झालं कागदावर. खरी तालिका बहुतेक गावांत ग्रंथपालाच्या डोक्यात असते. दुपारी चारला एक बाई येतात आणि सांगतात, “भाऊ, त्या दिवशी शेजारणीन नेलेला ना, निळा कव्हर, बाई नवऱ्याक सोडून जाता, ता होया.” भाऊ काही न बोलता तिसऱ्या कपाटाकडे जातात. जगातल्या कुठल्याही यंत्रणेला अजून हे तितक्या बिनचूकपणे जमलेलं नाही. अडचण एवढीच की भाऊ निवृत्त झाले की ही तालिका त्यांच्याबरोबर घरी जाते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याने ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं, आणि वर्ग ठरवताना पुस्तकं किती, नियतकालिकं किती ते मोजायला लावलं. मोजदाद झाली. पण पुस्तक किती सहज सापडतं हे मोजायची पट्टी कुणाकडे नव्हती, आणि जे मोजलं जात नाही त्यावर खर्च करणं समितीला उधळपट्टी वाटतं. ग्रंथपालाचा पगार तर विचारूच नये.

मग संगणक आला. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी टाइप करायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम. पडद्यावर खानोलकरांचा ‘कोंडुरा’ दिसायचा, पण यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी साठलेली असायची. तो फाँट गेला की नोंद गेली. युनिकोड १९९१ साली आला, पण तो गावातल्या संगणकापर्यंत पोचायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. तोवर अनेक ठिकाणी मुलांनी सुटीत बसून हजारो पुस्तकांच्या याद्या केल्या होत्या, त्या आज उघडल्या की वाचता येत नाहीत. दाखल नोंदवही मात्र शाई थोडी उडाली तरी वाचता येते. जुनी माणसं हे सांगताना हसतात, आणि त्यांना तो हक्क आहे.

युनिकोडने अक्षरं सांभाळली, शोधाचा प्रश्न तसाच राहिला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘वेंगुर्लें’ असे अनुस्वार आहेत. आज शोधणारा ‘नाही’, ‘काही’, ‘वेंगुर्ले’ लिहितो, आणि त्यातही निम्मे ‘वेंगुर्ला’. यंत्राला हे वेगवेगळे शब्द वाटतात. ग्रंथपालाने दोन्ही रूपं एकमेकांना जोडून दिली नाहीत तर पुस्तक ग्रंथालयात असूनही ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतं.

नावांची गोष्ट त्याहून अवघड. खानोलकरांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिल्या, कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. ‘जोगवा’ एका नावावर, ‘रात्र काळी घागर काळी’ दुसऱ्या. नुसती मुखपृष्ठावरची अक्षरं टाइप करणाऱ्याने हा माणूस दोन ठिकाणी कापून ठेवला. त्यातही एका पुस्तकावर ‘प्रभु’, दुसऱ्यावर ‘प्रभू’ असेल तर तिसरा तुकडा. दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होते. वि. स., वि.स. (मधे जागा न सोडता), विष्णु सखाराम आणि भाऊसाहेब हे चारही एकच खांडेकर आहेत हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. ग्रंथालयशास्त्रात याला नावांचं प्रमाणीकरण म्हणतात. माझ्या मते या साऱ्या धंद्याचा कणा तोच. हे काम स्कॅनर करत नाही. ज्याने दोन्ही पुस्तकं हातात घेतलीत, निदान त्यांच्याबद्दल ऐकलंय, तो माणूस करतो.

मराठीत हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर केलं ते शंकर गणेश दाते यांनी, आणि तेही संगणकाच्या कितीतरी आधी. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ हा काळ सांगणारा पहिला खंड १९४३ साली आला, १९३८ ते १९५०चा दुसरा १९६१ साली. दोन्ही मिळून सुमारे २६ हजार पुस्तकं. लेखक, नाव, साल, पानं, किंमत, आणि विषयवार मांडणी. १९६४ साली दाते गेले. पुढच्या काळातल्या पुस्तकांच्या सूचीचं काम शरद केशव साठे यांनी चालवलं. आज मराठी पुस्तकांच्या डिजिटल प्रकल्पात कुणी अडलं की शेवटी ‘दाते सूची बघा’ असंच म्हणतात. दात्यांनी एकही पान स्कॅन केलं नव्हतं.

याची उलट बाजू पाहायची तर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या पुढाकारातून, दहा लाख पुस्तकांच्या प्रकल्पाचा भाग म्हणून, या शतकाच्या सुरुवातीला हे काम उभं राहिलं. देशभर केंद्रं निघाली, आणि मराठीतली हजारो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. हेतू मोठा होता आणि उपकारही मोठे आहेत; पुढे ती पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आल्यामुळे आज ती घरबसल्या वाचता येतात. पण नावं रोमन लिपीत, मनाला येईल तशी. ‘ळ’ही जागोजागी वेगळा. लेखकाच्या जागी कधी संपादक, कधी प्रकाशक, कधी काहीच नाही. काही पुस्तकं दोनदा स्कॅन झाली, कारण पहिलं झालंय हे नोंदीवरून कळलंच नाही. ज्याला हवंय तो दहा प्रकारचं स्पेलिंग करून पाहतो आणि नाद सोडतो.

आता थोडं साता समुद्रापलीकडे. रेशनवरचा अमेरिकेचा पी. एल. ४८०चा गहू आठवणारी माणसं अजून आहेत. त्या गव्हापोटी मोजलेले रुपये भारतातच पडून होते, आणि १९६२पासून त्यांतले काही अमेरिकी ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तकं विकत घेण्यावर खर्च झाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने मराठी पुस्तकंही घेतली, प्रत्येकाची रीतसर नोंद केली, आलेल्या पुस्तकांच्या छापील याद्या काढल्या, आणि प्रती विद्यापीठांना धाडल्या. आपण तो गहू चवीला बरा नाही म्हणून नावं ठेवत खाल्ला. त्यांनी आपल्या कादंबऱ्यांच्या नोंदी ठेवल्या.

शिकागो विद्यापीठाचा संग्रह हा अशा संग्रहांपैकी एक. तिथल्या दक्षिण आशिया विभागाची घडी मॉरीन पॅटरसन यांनी बसवली. चित्पावनांवर संशोधन केलेल्या या बाई महाराष्ट्राच्या अभ्यासकांना चांगल्या माहीत आहेत. त्यांच्यानंतर आलेले जेम्स नाय हे तीन दशकांहून अधिक काळ तिथले ग्रंथपाल होते, आणि मोठ्या ग्रंथालयाला डिजिटल वळण कसं द्यावं याचा नमुना म्हणून मी त्यांचंच नाव घेईन. त्यांच्या पुढाकारातून डिजिटल साउथ एशिया लायब्ररी उभी राहिली. तिथे त्यांनी शब्दकोश निवडले. मोल्सवर्थची १८५७ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्व्यांचा (हे दाते सूचीवाले नव्हेत) ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. आणि हे नुसते पानांचे फोटो ठेवले नाहीत; मजकूर अक्षरांत उतरवला, एकेक नोंद वेगळी केली, शोधता येईल अशी मांडली. त्यामुळे आज वेंगुर्ल्यातला विद्यार्थी मोबाइलवर मोल्सवर्थ उघडतो आणि कोकणातला म्हणून खूण केलेला शब्द दोन क्षणांत काढतो. एवढी वर्षं झाली, मराठी भाषकांना रोज लागणाऱ्या, याहून उपयोगी डिजिटल वस्तू आपण स्वतः फारशा केल्या नाहीत.

नाय यांचा दुसरा निर्णय मला त्याहून मोठा वाटतो. तमिळ पुस्तकं आयुष्यभर जमवणारे रोजा मुथैया वारले, तेव्हा त्यांचा प्रचंड संग्रह शिकागोने १९९४ साली विकत घेतला. तो जहाजात घालून नेणं सोपं होतं. तो नेला नाही. चेन्नईतच त्याचं ग्रंथालय केलं, आणि जपणुकीचं व नोंदींचं काम तिथल्या माणसांच्या हाती दिलं. तमिळ पुस्तकाची नोंद तमिळ वाचणाऱ्याने करावी, हे व्यवहाराचं शहाणपण.

वेंगुर्ल्याला जवळचं मोठं ग्रंथालय मुंबईत नाही, पणजीत आहे. १८३२ साली ‘पुब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झालेलं हे देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. आज ते कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने पाटोच्या बहुमजली इमारतीत आहे, आणि जुनी वृत्तपत्रं, दुर्मिळ पुस्तकं यांचं डिजिटायझेशन तिथे होतं. गोव्याने पुस्तक हरवण्याचा मोठा धडाही घेतलाय. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ सतराव्या शतकात १६१६, १६४९ आणि १६५४ असं तीनदा छापलं गेलं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज माहीत नाही. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत मात्र लंडनला मार्सडेन संग्रहात राहिली, आणि विसाव्या शतकात जस्टिन ॲबट यांना ती तिथे आढळली.

पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी मोकळं करू, असं उत्साही तरुण म्हणतात तेव्हा कायद्याची आठवण द्यावी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. खांडेकर आणि खानोलकर दोघेही १९७६ साली गेले. त्यांची हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०३७ला मोकळी होतील. दळवी १९९४ साली गेले, म्हणजे २०५५. पाडगावकरांसाठी २०७६. ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जपणुकीसाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला २०१२च्या दुरुस्तीने मुभा दिली, पण ती जगाला वाटायला नाही. म्हणजे वेंगुर्ल्याच्या कपाटातलं जे सर्वांत मोलाचं, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या हयातीत मोकळं होणार नाही. नोंदीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. ती आज करता येते. त्यासाठी एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळणारं ‘कोहा’ आहे. दोन्हींत मराठी चालतं.

आणि काही गोष्टींची नोंद फक्त इथेच होऊ शकते. पिढ्यान् पिढ्या वेंगुर्ल्याहून निघणारं साप्ताहिक ‘किरात’, शाळांची वार्षिकं, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या स्मरणिका, नाट्यमंडळांची पत्रकं. दात्यांच्या सूचीत यातलं जवळपास काही यायचं नव्हतं, शिकागोला ते पोचलं नाही. स्मरणिकेची नोंद ‘स्मरणिका, मुंबई, पाने ६४’ एवढीच केली तर ती न केल्यासारखी. कुठल्या वाडीचं मंडळ, कुठल्या साली, कुणाच्या जत्रेवर लेख, गिरणगावातल्या कुठल्या खोलीचा पत्ता, फोटोत कोण : हे लिहिलं तर पन्नास वर्षांनी कामगारांचा इतिहास शोधणारा तिथे पोचेल. हे लिहायला मालवणी कळणारं, गावातली घरं ओळखणारं माणूस हवं, आणि त्याला महिनाभर बसवून ठेवण्याइतका पगार. चतुर्थीला सगळे चाकरमानी गावात असतात. फोटोतली नावं विचारायला तेवढे दिवस पुरतात, पण वही घेऊन आधीपासून कुणीतरी नेमलेलं असायला हवं.