खानदेशातले बोन्साय : झाड इथले, वेळापत्रकही इथलेच

बोन्सायची बहुतेक पुस्तके जपानच्या हवामानावर बेतलेली आहेत. तिथे कडक हिवाळ्यात झाडे विसावतात आणि वसंताच्या तोंडावर डोळे फुगू लागले की मुळे छाटून कुंडी बदलतात. हाच सल्ला जळगाव-धुळ्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पाळला, तर मुळे नुकतीच तासलेले झाड महिन्याभरात चाळीस अंशांच्या उन्हात सापडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. पाने पाणी मागत राहतात, अर्धवट सावरलेली मुळे ते पुरवू शकत नाहीत आणि झाड वाळते. म्हणून माझे मत पक्के आहे : तंत्र जपानकडून घ्यावे, पण झाड आणि वेळापत्रक खानदेशाचे असावे.

ऑस्ट्रेलियातल्या बोन्सायप्रेमींनी हेच केले. जपानी पाइन आणि मेपलच्या जोडीला त्यांनी आपल्या मातीतली झाडे घेतली : पोर्ट जॅक्सन फिग हा वडाच्या कुळातला वृक्ष, बॉटलब्रश, टी-ट्री, बँक्सिया. यातल्या अनेकांची मुळे हिवाळा सरताना छाटण्यापेक्षा उबदार, वाढीच्या दिवसांत छाटलेली बरी, हे त्यांना अनुभवाने कळले. कॅनबेराच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या बोन्साय संग्रहात आज ही देशी झाडे पाइन-जुनिपरच्या शेजारी मानाने मांडलेली असतात. आपला उंबर आणि नांद्रुक हे दोन्ही वृक्ष ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागातही रानात आपोआप वाढतात. त्यामुळे तिथला अनुभव आपल्याला जपानी पुस्तकापेक्षा जवळचा वाटावा, यात नवल नाही.

झाड निवडताना पहिली पसंती नांद्रुकाला द्यावी. पाने लहान, जाड आणि चकचकीत, छाटली की आणखी लहान होतात. जुन्या खोडावरही नवे डोळे फुटतात आणि चूक झाली तरी झाड सावरते. उंबर दणकट खरा, पण त्याची पाने फारशी लहान होत नाहीत आणि फळ तर मुळीच नाही. उथळ कुंडीतल्या फूटभर झाडावर पूर्ण आकाराचे उंबर लगडले की प्रमाण बिघडते. बोराचेही तसेच. मेहरुणच्या बोरांचा जळगावकरांना अभिमान आहे, तो रास्तच आहे, पण बोन्सायला बारीक फळांची गावठी बोरच घ्यावी. तिची साल लवकर भेगाळते आणि कोवळे झाडही जुने दिसू लागते. बोर उन्हाळ्यात विसावते आणि नव्या फुटीवर फळते, म्हणून तिची छाटणी एप्रिल-मे महिन्यात करतात. चिंचेची पर्णिका मुळातच इवलीशी, त्यामुळे थोड्याच वर्षांत जुन्या वृक्षाचा भास होतो. मात्र तिची फांदी कोवळी असतानाच वळवावी, लाकूड पिकले की ती कडाकड मोडते.

जुनिपर आणि पाइनचा मोह अनेकांना होतो. त्यांना थंडीची विश्रांती लागते आणि ती खानदेशात पुरेशी मिळत नाही. तसे रूप हवे असेल तर सुरू लावावा. आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यावरचे हे झाड. सुया वाटतात त्या त्याच्या बारीक हिरव्या काड्या असतात, खरी पाने त्यांच्या सांध्यांवर खवल्यांसारखी चिकटलेली असतात. सुरूच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात. म्हणून कुंडी बदलताना मुळे धुऊन उघडी करू नयेत, थोडी जुनी माती तशीच ठेवावी. बॉटलब्रशला पाणी भरपूर लागते आणि कुंडी एकदा कोरडी पडली तर तो क्षमा करत नाही. सिल्व्हर ओक हा बँक्सियाच्या कुळातला. या कुळाला जास्त स्फुरद सोसत नाही, तेव्हा हाडांचा चुरा किंवा डीएपी त्याच्या जवळ नेऊ नये. त्याची पाने मोठी असल्याने नवशिक्याने तो नाही घेतला तरी चालेल. निलगिरीचेही तेच.

रोप कुठून आणायचे? यावल आणि अनेर अभयारण्यांतून किंवा लळिंगच्या जंगलातून झाड उपटून आणायचे नाही. ते बेकायदा आहे आणि झाडावर अन्यायही आहे. आपल्या गावातल्या जुन्या भिंतीच पाहा. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांतून वड, पिंपळ, नांद्रुक कठड्याच्या आणि गटाराच्या फटींत उगवतात. घरमालकाला ते नकोच असतात. जुलैत पावसाने भिंत ओली झाली की मालकाला विचारून छिन्नीने प्लास्टर सैल करावे आणि मिळतील तेवढ्या मुळांसह रोप काढावे. बरीचशी पाने कापून ते वीटचुऱ्यात लावावे, वरून पारदर्शक पिशवी सैलसर बांधावी आणि सावलीत ठेवावे. नवी फूट आली की पिशवी हळूहळू उघडत न्यावी. फटीत दबून चपटी झालेली मुळे पुढे खोडाच्या बुंध्याला सुंदर फैलाव देतात.

यानंतर घाई करू नये. खोड जाड करणारे अन्न पानांत तयार होते. पाने जेवढी जास्त, खोड तेवढे लवकर भरते. उथळ कुंडीत लगेच बसवलेले रोप वर्षानुवर्षे काडीसारखेच राहते. तीन ते पाच वर्षे ते मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत मोकळे वाढू द्यावे, मग एका बाजूच्या फांदीच्या वर खोड तिरके कापावे आणि त्या फांदीला नवा शेंडा करावे. असे दोन-तीनदा केले की खोड खाली जाड आणि वर निमुळते होते. चीक गळायचा थांबला की जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी : एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. डाळिंब आणि लिंबू बागायतदारांच्या घरी ती असतेच.

मातीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. कपाशी आणि केळीला पोसणारी आपली काळी माती कुंडीत घातक ठरते. ओली झाली की ती फुगून हवा कोंडते, सुकली की आक्रसून तडकते आणि कोवळी मुळे तोडते. दोन भाग वीटचुरा, एक भाग भरड वाळू आणि एक भाग चाळलेले गांडूळखत, हे मिश्रण वापरावे. वीटचुरा दोन ते पाच मिलिमीटरचा ठेवावा आणि खालची धूळ टाकून द्यावी, कारण धूळ तळाशी बसून भोके बुजवते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटे दिसतात. अशा वेळी पावसाचे पाणी साठवून अधूनमधून द्यावे.

कुंडी बदलण्याची वेळ म्हणजे मृग बरसून गेल्यावर, आर्द्रा लागल्यावर, साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. हवा दमट असते, पानांतून पाणी कमी उडते आणि मुळांना सावरायला अख्खा पावसाळा मिळतो. नांद्रुकाची कुंडी दर दोन वर्षांनी बदलावी. मुळांचा बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कापावा, झाड तळाच्या भोकांतून ओवलेल्या तारेने बांधावे, बांबूच्या काडीने मिश्रण मुळांत भरावे आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घालावे. पुढचे दोन-तीन आठवडे सावली. मुळे छाटली त्या वर्षी पाने उतरवू नयेत.

फांदी वळवायला अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश, पंचेचाळीस अंशांच्या कोनात गुंडाळावी. पावसाळ्यात नांद्रुक इतका भराभर फुगतो की तार महिन्या-दीड महिन्यात सालीत रुतते. दर आठवड्याला पाहावे आणि काढताना उलगडत न बसता तुकडे कापून काढावी. खत म्हणून सरकीची किंवा निंबोळीची पेंड पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. बोन्साय उपाशी ठेवून खुजे करतात हा समज चुकीचा आहे. झाडाला ऊन, पाणी आणि अन्न पूर्ण मिळते, लहान राहते ते छाटणीमुळे. नीट सांभाळलेले बोन्साय अनेक दशके जगते.

एप्रिल-मे हीच खरी परीक्षा. स्लॅब तापतो, तेव्हा कुंडी थेट त्यावर नको, विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी. पन्नास टक्के सावलीची शेडनेट लावावी आणि पश्चिमेकडचा वारा अडवावा. सकाळी आणि संध्याकाळी पाणी, फार कडक दिवशी दुपारीही. ठिबकचे माहेर म्हटल्या जाणाऱ्या जळगावात मायक्रोट्यूब सहज मिळते, गावाला जाताना तिचा उपयोग होतो. पण उथळ कुंडी ठिबकवर सोपवून महिनाभर निघून जाणे धोक्याचे आहे.

मांडणीसाठी आपल्याकडचा उत्तम काळ दिवाळी ते संक्रांत. पाने ताजी असतात आणि ऊन सौम्य. कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी, हा चांगला ठोकताळा आहे. झाड कुंडीच्या मधोमध न लावता किंचित बाजूला आणि मागे असावे, शेंडा पाहणाऱ्याकडे थोडा झुकलेला. खोड ओल्या ब्रशने पुसावे, कुंडीवरचे क्षार काढावेत आणि मागे साधी भिंत ठेवून झाड डोळ्यांच्या पातळीवर मांडावे. घरात दोन-तीन दिवसांहून जास्त ठेवू नये, वडाच्या कुळाला उघडे ऊनच मानवते. चांगले नमुने पाहायचे असतील तर जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जावे. 2018 साली प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या 'बोन्साय नमस्ते' या प्रदर्शनाने ही कला हजारो मराठी कुटुंबांपर्यंत नेली.

सुरुवात करायची असेल तर येत्या मे महिन्यातच वीटचुरा चाळून ठेवा आणि गावातल्या कुंभाराला तळाशी दोन मोठी भोके असलेली उथळ कुंडी घडवायला सांगा. ती पुढे लागेलच. पहिला नांद्रुक एकच घ्या आणि तो तीन उन्हाळे जगवून दाखवा, मग दुसरे झाड आणा.