हिरो पेन, कॅम्लिनची शाई आणि दमट हवा

शांघायमधल्या हिरो पेनच्या कारखान्याची सुरुवात १९३१ सालची. त्याच वर्षी मुंबईत दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या विकायला काढल्या. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. आज कोकुयो कॅम्लिन या नावाने चालणाऱ्या त्या कंपनीचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे.

हिरोच्या ६१६ या पेनाचा घाट १९४१च्या पार्कर ५१ पेनावरून घेतलेला. निबचं जेमतेम टोक बाहेर, बाकी सगळी झाकलेली. त्यामुळे लिहिता लिहिता थांबलात तरी शाई चटकन सुकत नाही. रोजच्या लिखाणाला याहून सोयीचं स्वस्त पेन मला ठाऊक नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो. शाई धाग्याधाग्यांतून पसरते, पानामागे उमटते. अशा वेळी बारीक निबच हवी, ती शाई कमी सोडते. रॉयल ब्लू शाई देखणी आणि पेनाला सौम्य, पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर फिसकटतं. पाकिटावरचा पत्ता, पावती, जमिनीचे कागद तिने लिहू नयेत. त्यासाठी पिगमेंटची शाई घ्यावी. ती पाण्याला दाद देत नाही. मात्र पेनात वाळली तर निब तुंबते, म्हणून ती भरलेलं पेन रोज चालतं ठेवावं.

शाई बदलताना पेन साध्या गार पाण्यानेच धुवा. गरम पाणी आणि स्पिरिट टाळा, त्यांनी प्लास्टिक बिघडतं. आणि पावसाळ्यात कोऱ्या वह्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.