तापला तरी सुटणार नाही असा जोड

चांदीकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या हुपरीत पैंजणांचं झाळकाम करणारा कारागीर ‘सगळ्यात मजबूत डाख (जोड देणारा मिश्रधातू) कोणता?’ असं विचारत नाही, तो आधी तापमान बघतो. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबं यांचं मिश्रण ७८० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्यात जस्त घातलं की तो आकडा आणखी उतरतो. एकाच दागिन्याला दोनदा झाळायचं असेल तर चढ्या तापमानाचा डाख आधी लागतो, उतरता मागून. नाहीतर दुसरा जोड बसवताना पहिला सुटतो. सवागी (टाकणखार) लावायची ती धातूवर ऑक्साइडचा थर राहू नये आणि डाख नीट पसरावा म्हणून. गाडीचं तुटलेलं प्लास्टिक जोडताना मात्र आपण सरळ दुकानात जाऊन ‘एकदम कडक गोंद द्या’ म्हणतो. माझ्या मते गोंद सर्वांत शेवटी निवडावा. प्लास्टिक कोणतं, ते किती तापतं आणि त्यावर कसला ताण येतो, हे आधी ठरवावं.

गोंदांची कुळं थोडक्यात अशी. फेविक्विकसारखे सायनोअ‍ॅक्रिलेट क्षणात धरतात, पण ठिसूळ असतात आणि साधारण ८० अंशांपुढे ढिले पडतात. दोन ट्यूबांचा घरगुती इपॉक्सी ६०-७० अंशांनंतर मऊ पडू लागतो. उष्णतेला टिकणारे इपॉक्सी बहुधा भट्टीत किंवा दिव्याखाली तापवूनच पक्के होतात. सिलिकॉन २०० अंशही सोसतं, मात्र ते गळती थांबवायला चांगलं, वजन पेलायला नाही.

खरी गंमत प्लास्टिकमध्ये आहे. भाग काढून मागची बाजू पाहिली तर बऱ्याचदा > आणि < या खुणांमध्ये कोरलेली अक्षरं दिसतात: पीपी, एबीएस, किंवा पीए६६-जीएफ३०, म्हणजे ३० टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात, आणि हे प्लास्टिक गोंदाला जवळच येऊ देत नाही. त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की इपॉक्सी पसरण्याऐवजी गोळा होऊन बसतो. गोंद वाळून दगडासारखा होतो, पण नख लावलं की पापुद्रा निघून येतो. उपाय तीन: पृष्ठभागावरून ज्योत झरकन फिरवून तो ऑक्सिडाइझ करणं, पीपीसाठीचा प्रायमर लावणं, किंवा त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून सांधणं. शिवाय प्रसरण आहेच. एक मीटर लांब साधं पीपी ५० अंशांनी तापलं तर सुमारे ५ मिलिमीटर वाढतं, इपॉक्सी त्याहून बरंच कमी. उन्हात उभ्या गाडीत ही ओढाताण रोज होते, म्हणून लांब भागांना लवचीक गोंदच बरा.

कोणी म्हणेल, ट्यूबवर ‘३०० अंश’ छापलेलं असतं, मग एवढा विचार कशाला? कारण तो आकडा बहुधा गोंद जळून जात नाही एवढंच सांगतो, त्या तापमानाला जोड किती भार पेलेल ते नाही. आणि गोंद ३०० सोसेलही, पण पीपी स्वतःच १६५ अंशांच्या आसपास वितळतं. दुसरा आक्षेप गॅरेजवाल्यांचा: तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने तारेची जाळी आत दाबून बंपर सांधला की वर्षानुवर्षं टिकतो. खरं आहे, पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण. तिथे भार तार घेते, प्लास्टिक स्वतःलाच चिकटतं आणि गोंदाची गरजच उरत नाही.

रेडिएटरच्या नायलॉनच्या टाकीला मात्र हा सगळा हिशेब लावूनही माझं उत्तर ‘बदला’ असंच आहे. आत १०० अंशांच्या घरातलं, दाबाखालचं आणि ग्लायकोल मिसळलेलं पाणी असतं. उष्णता, दाब आणि रसायन एकत्र आले की घरगुती जोड फार तर गॅरेजपर्यंत पोचवतो. इंधनाची टाकी, ब्रेकचे भाग आणि एअरबॅगची झाकणं यांनाही गोंद लावू नये. हेडलाइटचा तुटलेला कान, डॅशबोर्डखालची पट्टी, बंपरची चीर यांची दुरुस्ती मात्र बिनधास्त करावी. तिथे जोड पुन्हा सुटलाच तर नुकसान फक्त गोंदाच्या किमतीचं.