चोरतळातली वीस पिस्तुलं

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध शाळेच्या पुस्तकात चार ओळींत उरकतो. त्या चार ओळींत ‘ब्राउनिंग पिस्तूल’ आलं की माझं लक्ष माणसांवरून उडून त्या वस्तूवर जायचं, आणि ती खोड वयाबरोबर गेली नाही. आमचा जालना जिल्हा १ मे १९८१ चा. १९०९ साली हा मुलूख निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि जॅक्सनला मारणारा अनंत कान्हेरे नाशिकला गेला तो औरंगाबादेहून. त्यामुळे हे प्रकरण घरचंच, असं मी धरून चाललो आहे. असईची लढाई आमच्या भोकरदन तालुक्यातली. तोफा-बंदुकांच्या गप्पांना आम्हाला निमित्त लागत नाही.

या विषयावर मराठीत लिहिलं गेलं पुष्कळ, पण पिस्तुलाबद्दल जवळजवळ काही नाही. चरित्रकार त्याचं नाव घेतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. १८९७ साली चापेकरांनी पुण्यात प्लेग अधिकारी रँडला गाठलं तेव्हा हे पिस्तूल बाजारातच नव्हतं. ते आलं १९०० च्या सुमारास. जॅक्सन प्रकरणाचा निम्मा आराखडा या वस्तूच्या घडणीतून निघाला, असं माझं मत आहे.

अमेरिकेतल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगने ते बेतलं आणि बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हेरस्ताल इथल्या ‘एफएन’ कारखान्याने काढलं. फिरत्या चक्राचं रिव्हॉल्व्हर फुगीर असतं. इथे चक्रच नाही. सात गोळ्यांची मॅगझीन मुठीत बसते, गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचं आवरण मागे सरकतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकतं आणि पुढे येताना नवी गोळी नळीत चढवतं. चाप एकदा ओढला की एकच गोळी, म्हणून ते अर्ध-स्वयंचलित. गोळी ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्या परवान्यांवर लिहितात ती .३२. लष्करी मोजमापाने ही गोळी दुबळीच. लांबवरच्या नेमासाठी हे पिस्तूल कोणी विकत घेतलं नाही. ते कोटाच्या खिशात मावतं आणि वरून दिसत नाही, हीच त्याची ख्याती.

ख्याती पसरलीही त्याच कारणाने. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह पडला तो याच १९०० च्या ब्राउनिंगने. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिनच्या रेल्वे फलाटावर कोरियाच्या आन जुंग-गनने जपानच्या इतो हिरोबुमीला मारलं, तेही याच जातीच्या पिस्तुलाने. नाशिक त्यानंतर दोन महिन्यांच्या आत. या मंडळींना एकमेकांची नावंही माहीत नसतील. कारखाना मात्र एकच होता.

आता माझ्या आवडीच्या माणसाकडे येतो. चतुर्भुज अमीन हा लंडनच्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातला आचारी. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात त्याच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या आहेत. विनायक सावरकरांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळवली, ती अमीनच्या सामानातल्या एका पेटीच्या खोट्या तळाखाली दडवली आणि १९०९ च्या आरंभी ती पेटी मुंबईला रवाना झाली. त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांनी स्वतःच्या अटकेच्या जरा आधी एका मित्राला पिस्तुलं येत असल्याची वर्दी दिली होती. त्यांना पकडलं तेव्हा पेटी अजून वाटेवरच होती.

अहवाल वाचून मी कागद-पेन्सिल घेतली. त्या काळी धडाक्याने खपणारं ब्राउनिंग १९०० चं, म्हणून त्याचीच मापं धरली: लांबी साडेसोळा-सतरा सेंटिमीटर, उंची अकरा-बारा, जाडी जेमतेम तीन. वीस नग आडवे, एकाच थरात मांडले तर सुमारे ७८ बाय ५० सेंटिमीटरची जागा पुरते. म्हणजे चांगल्या थोरल्या ट्रंकेचा तळ. वर फळी ठोकली की चार-पाच सेंटिमीटर खोली हरवते, आणि तेवढी कमतरता कस्टमच्या शिपायाच्या डोळ्यांना जाणवत नाही. काडतुसं कडेच्या फटींतून. वजनाचं काय? एक रिकामं पिस्तूल सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, वीस मिळून साडेबारा किलो. पेटी विद्यार्थ्याची असती तर हमालाने कपाळाला आठ्या घातल्या असत्या. आचाऱ्याची पेटी जड असायचीच, तिच्यात भांडी असतात! हेच वीस नग किलोभर वजनाच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे असते तर फुगीर चक्रांमुळे तळ बराच जाड करावा लागला असता. पिस्तूल चपटं नसतं तर ही योजना कागदावरच राहिली असती. क्रांतिकारकांचं धैर्य मान्य करून सांगतो, निम्मं श्रेय ब्राउनिंगच्या ड्रॉइंग बोर्डाला द्यावं लागेल.

इकडे औरंगाबादेत कान्हेरे. मूळ खेड तालुक्यातला, इंग्रजी शिक्षणासाठी मामांकडे आलेला. पुढे तो गंगाराम नावाच्या मारवाडी मित्राच्या घरात खोली घेऊन राहिला आणि या मैत्रीवर त्याने ‘मित्रप्रेम’ ही कादंबरी लिहिली. अठराव्या वर्षी फासावर गेलेल्या मुलाच्या नावावर कादंबरी आहे, हे आपण सहसा सांगत नाही. हुतात्म्याच्या तसबिरीत लेखणी शोभत नाही म्हणून की काय! नाशिकच्या गणू वैद्यांमुळे तो कृष्णाजी कर्व्यांच्या गुप्त मंडळाशी जोडला गेला. नाशिककडे जाणं-येणं अवघड नव्हतं: हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० पासून जालना, औरंगाबाद, मनमाड अशी धावतच होती.

२१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळीचं ‘शारदा’, बढतीवर निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी. कान्हेरेने अगदी समोर येऊन त्या विसांतल्याच एका पिस्तुलाने चार गोळ्या झाडल्या. हे अंतरच या पिस्तुलाचं खरं अंतर. त्याला स्वतःलाही संपवायचं होतं. पण पळशीकर आणि मारुतराव तोरडमल या अधिकाऱ्यांनी दंडुके चालवले, लोकांनी धरला आणि ते राहून गेलं. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तो, कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले.

जॅक्सनबद्दल आपल्याकडे दोनच सूर लागतात, राक्षस किंवा पंडित. तो बाबारावांवर खटला भरणाऱ्या यंत्रणेचा माणूस होता. भगवानलाल इंद्रजींचा अपुरा राहिलेला गुजरातचा प्राचीन इतिहास पुरा करून छापणाराही तोच, आणि त्याने गोळा केलेली गुजरात-कोकणची लोकसमजुतींची टिपणं त्याच्या पश्चात एन्थोवेनने प्रसिद्ध केली. मी ती चाळली आहेत, कामाची आहेत. त्यामुळे १९०९ चा हिशेब बदलत नाही, पण वाचून ठेवावीत.

खटल्यात मात्र पिस्तुलाने सगळ्यांना गोवलं. अमीन माफीचा साक्षीदार झाला. पेटी, पॅरिस, इंडिया हाउस अशी साखळी त्याच्या जबानीतून जुळली आणि ३० जानेवारी १९११ ला सावरकरांना खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप झाली. अमीनवर आपल्याकडे शिव्याशाप पुष्कळ. मला वाटतं, ज्याच्या सामानात साडेबारा किलो फास ठेवला त्याच्याकडून अखेरपर्यंत मौनाची अपेक्षा ठेवणंही जरा जास्तच होतं.

गांधीहत्येतलं गोडशाचं इटालियन बेरेटा (क्रमांक ६०६८२४) त्याच कुळातलं, गोळी तेवढी मोठी, नऊ मिलिमीटर शॉर्ट. त्यावर सगळ्यांनीच इतकं लिहिलंय की मी थांबतो. ७.६५ ची गोष्ट अजून चालू आहे. आपल्याकडे नऊ मिलिमीटर सामान्य माणसाला निषिद्ध, .३२ ला मात्र परवाना मिळतो. म्हणून ऑर्डनन्स कारखान्यांनीही .३२ चं पिस्तूल काढलं, आणि निवडणूक लागली की परवानाधारक ते पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात, जालन्यातही. गावठी कारागिरांनीही हाच व्यास उचलला. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या चारही खुनांच्या तपासात ७.६५ चं गावठी पिस्तूल पुढे आलं.

लपवायला सोपं असलेलं हे हत्यार गुपित राखण्यात कच्चं आहे. रिव्हॉल्व्हर पुंगळ्या पोटात ठेवतं, हे त्या जागेवरच टाकतं. पुंगळीच्या बुडावर पिनचा ठसा आणि कडेवर ती ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा राहतो, आणि दोन पुंगळ्या एकाच नेत्रभिंगातून शेजारीशेजारी ताडून पाहणारा तुलना-सूक्ष्मदर्शक १९२० च्या दशकात अमेरिकेत वापरात आला. नाशिकच्या खटल्याला त्याची गरज पडली नव्हती, माणसंच बोलली होती. पुढे शंभर वर्षांनी माणसं गप्प होती, तेव्हा कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर चाललेलं पिस्तूल एकच, हा निष्कर्ष कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने गोळ्या-पुंगळ्यांवरच्या खुणांवरून काढला.