थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी प्रवेश

थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी प्रवेश ही महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती आहे. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना या पद्धतीने पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात, म्हणजे तिसऱ्या सत्रात, प्रवेश मिळतो. बोलण्यात तिला ‘डिप्लोमा करून डिग्री’ किंवा नुसते ‘डायरेक्ट सेकंड इयर’ असे म्हटले जाते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत हे प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने होतात. या वाटेने जाणाऱ्याला सामाईक प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवरूनच लागते.

पेण, रोहा यांसारख्या तालुक्यांत या पद्धतीला विशेष महत्त्व आहे. बारावी विज्ञान आणि प्रवेश परीक्षेचे खासगी वर्ग यांचा खर्च न पेलणाऱ्या कुटुंबातील मुलांसाठी अभियंता होण्याचा हाच सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो. तो खुला राहील की नाही, हे मात्र पदविकेच्या निकालानंतर ठरत नाही. त्याची बरीचशी निश्चिती त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत होऊन गेलेली असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बहुतेक तंत्रनिकेतनांचा अभ्यासक्रम व परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाकडे आहेत. पदविका सहा सत्रांची असते आणि तिचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. जुन्या पिढीत या शिक्षणाला ‘एल.सी.ई.’, ‘एल.एम.ई.’ अशी नावे होती आणि ते बहुतेकांसाठी शिक्षणाचा शेवट असे. पदविकाधारक ओव्हरसियर किंवा पर्यवेक्षक म्हणून रुजू होत आणि पदवीधर अभियंत्याच्या हाताखाली निवृत्त होत. थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशाने ही मर्यादा दूर केली.

या मार्गाने वर्ष वाया जाते, असा समज पालकांमध्ये अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे आणि पदवीची चार मिळून सहा वर्षे होतात. पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन मिळूनही सहाच होतात. फरक इतकाच की पदविकेच्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेरीस हाती एक स्वतंत्र पात्रता येते. घरची परिस्थिती बदलली आणि पुढे शिकता आले नाही, तरी स्थापत्य पदविकाधारक सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेतील कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षेला बसू शकतो. नुसत्या बारावीच्या प्रमाणपत्राला तशी किंमत नसते.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची पद्धत याला समांतर आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अशा संस्थांपैकी पहिली संस्था सुरू झाली. दोन वर्षांची सहयोगी पदवी घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाणे ही तेथील रूढ वाट आहे. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून हस्तांतरणासाठी वेगळी सहयोगी पदवीच निर्माण केली. भारतातही इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, परंतु ती रुजली नाही. या दोन पद्धतींतील मुख्य भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत प्रत्येक विषयाचे श्रेयांक स्वतंत्रपणे जुळवून पाहिले जातात. एखादा विषय न जुळल्यास तो पुन्हा घ्यावा लागतो. महाराष्ट्रात विषयवार जुळवणी नाही. पदविका उत्तीर्ण होताच पदवीचे पहिले वर्ष एकगठ्ठा माफ होते. विद्यार्थ्याला त्यामुळे मोठा दिलासा मिळतो, पण पहिल्या वर्षाचा जो अभ्यास झालेलाच नाही, त्याची उणीवही त्याच्याबरोबर दुसऱ्या वर्षात येते.

पात्रता व जागा

पदविकेत किमान ४५ टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ४० टक्के आहे. बारावीला गणित घेतलेले विज्ञान शाखेचे पदवीधरही अर्ज करू शकतात, परंतु पदविकाधारकांना अग्रक्रम असतो.

जागांचा हिशेब बहुतेकांना उशिरा कळतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा थेट द्वितीय वर्षासाठी अधिकच्या म्हणून असतात. त्यांत पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागांची भर पडते. म्हणजे ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात सहा जागा निश्चित. बाकीच्या आदल्या वर्षी किती मुले आली यावर अवलंबून. परिणामी संगणक अभियांत्रिकीसारख्या भरलेल्या शाखेत स्पर्धा तीव्र असते आणि मुंबईच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी नव्वद टक्क्यांच्या पुढचे गुणही पुरतीलच असे नाही. त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील एखाद्या खासगी महाविद्यालयात स्थापत्य किंवा यंत्र शाखेच्या जागा रिकाम्या असू शकतात. भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ‘आयआयटी’, या वाटेने प्रवेश देत नाहीत.

पेण व रोहा तालुक्यांतील स्थिती

पेण येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. शासकीय संस्था असल्याने तिचे शुल्क खासगी तंत्रनिकेतनांच्या तुलनेत अल्प असते. दक्षिणेला माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. राज्याच्या कायद्याने १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या परिसरात पदवी अभ्यासक्रमांबरोबरच पेट्रोरसायन अभियांत्रिकी संस्थेचे पदविका अभ्यासक्रमही चालतात. उत्तरेला पनवेल व नवी मुंबई परिसरात मुंबई विद्यापीठाशी संलग्न खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत.

भूगोल या निवडीत बराच भाग घेतो. पेणच्या विद्यार्थ्याला पनवेल रोजच्या येण्याजाण्याच्या अंतरावर आहे. रोहा हे कोकण रेल्वेचे आरंभस्थान असून कोलाड, इंदापूर, माणगाव यांच्यापुढे गोरेगाव रोड हे लोणेऱ्याला जवळचे स्थानक लागते. मात्र रोह्याच्या दक्षिणेस थांबत जाणाऱ्या गाड्या मोजक्या असल्याने लोणेऱ्याला शिकणारे बहुधा वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहतात. त्यामुळे पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावाइतकाच राहण्याचा खर्चही पाहावा लागतो. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. प्रवेशाच्या फेऱ्या साधारणपणे गणेशोत्सवाच्या आधीच्या महिन्यांतच येतात आणि त्या दिवसांत घरातील एकाही माणसाला कामातून उसंत नसते. कागदपत्रांची धावपळ तेव्हा सुरू केली तर ती पुरी होत नाही.

दोन्ही तालुक्यांत पदविकेला लागून असणारा उद्योगही आहे. रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत, रोहा तालुक्यातच नागोठणे येथे पेट्रोरसायन प्रकल्प आणि पेण तालुक्यात डोलवी येथे पोलाद कारखाना आहे. पदविकेतील औद्योगिक प्रशिक्षण किंवा नंतरची वर्षभराची शिकाऊ उमेदवारी यांसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज त्यामुळे कमी होते. याच कारणाने तिसऱ्या वर्षाअखेरीस नोकरीचा मोह प्रबळ असतो. ‘एक वर्ष काम करून मग डिग्री’ असे ठरवणाऱ्यांना नियमांची आडकाठी नाही, कारण पदविकेची पात्रता कालबाह्य होत नाही. परंतु वर्षभर पाळीत काम केल्यावर गणिताच्या वहीकडे परतणे सोपे नसते.

नियोजन

गुणवत्ता यादीसाठी पदविकेची अंतिम टक्केवारी धरली जाते. मंडळाच्या ‘आय’ योजनेत ही टक्केवारी पाचव्या व सहाव्या सत्रांच्या गुणांवर निघत असे. पहिल्या वर्षी रखडलेल्या विद्यार्थ्याला तिने सावरण्याची संधी दिली आणि पहिल्या दोन वर्षांच्या यशावर विसंबून अखेरच्या वर्षी प्रकल्प व तोंडी परीक्षेकडे दुर्लक्ष करणाऱ्याला मागे टाकले. २०२३-२४ पासून लागू झालेल्या ‘के’ योजनेत रचना बदलली असल्याने आपल्या तुकडीला कोणता नियम लागू आहे, हे तिसरे सत्र संपण्याआधी मंडळाच्या नियमावलीतून पाहून घेणे हिताचे असते. कोणत्याही योजनेत एक गोष्ट समान राहते: सहाव्या सत्रापर्यंतचा एकही विषय अनुत्तीर्ण राहिल्यास त्या वर्षीचा प्रवेश हुकतो.

शाखेची निवड दहावीनंतरच होते, पण ती अटळ नाही. पूर्वी पदविकेची शाखा आणि पदवीची शाखा यांचे कोष्टक ठरलेले असे. आता पदविकेची शाखा कोणतीही असली तरी पदवीच्या दुसऱ्या शाखेसाठी अर्ज करता येतो आणि तुटलेला दुवा जोडण्यासाठी सेतू अभ्यासक्रम घेण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आहे. व्यवहारात यंत्र शाखेतून संगणकाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या सत्रात आज्ञावली लेखन जवळपास शून्यापासून शिकावे लागते. ही उडी अशक्य नाही, परंतु तिची तयारी पदविकेच्या दुसऱ्या वर्षापासून स्वतःच करावी लागते. सेतू अभ्यासक्रमाच्या काही तासांवर ती सोडून चालत नाही.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी सर्वाधिक प्रवेश येथेच अडतात. आरक्षित जागेसाठी नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते मिळण्यास काही महिने जाऊ शकतात. इतर मागास वर्गात मोडणाऱ्या आगरी समाजासारख्या प्रवर्गांना त्याखेरीज त्या आर्थिक वर्षात चालणारे उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. अनुसूचित जमातींच्या दाव्यांची पडताळणी वेगळ्या समितीकडे असते आणि त्यासाठी पूर्वजांच्या नोंदी मागितल्या जातात. कातकरी वाड्यांवरील कुटुंबांकडे अशा नोंदी बहुधा नसतात. शाळेचे तोंड पाहिलेली पहिलीच पिढी असेल तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला येणार कोठून, हा साधा प्रश्न आहे. पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून वसतिगृह व शिष्यवृत्तीच्या योजना राबवल्या जातात. वैधतेचा अर्ज पदविकेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातच तंत्रनिकेतनामार्फत करून ठेवावा, अशी रीत आहे. पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश काही वर्षी मिळतो, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र न आल्यास जागा जाते किंवा खुल्या प्रवर्गाचे शुल्क भरावे लागते.

पसंतीक्रम भरताना पहिल्या क्रमांकाला मोठे वजन असते. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते व पुढच्या फेरीचा मार्ग बंद होतो. जेथे खरोखर जायचे आहे तेच नाव वर लिहावे. ‘मिळेल ते’ म्हणून वर लिहिलेले नाव मिळाले तर माघार उरत नाही. केंद्रीभूत फेरीबाहेर, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शासनाच्या शुल्क सवलती सामान्यतः लागू होत नाहीत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. फेरीतून आलेल्या पात्र विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनांतून शुल्काचा भार हलका होतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. रोह्यातील एखाद्या मुलीचे शिक्षण पदविकेवर थांबणार की पुढे जाणार, हे अनेक घरांत याच आकड्यावर ठरते.

गणिताची अडचण

थेट दुसऱ्या वर्षात आलेले विद्यार्थी कार्यशाळा, रेखाटन आणि यंत्रसामग्रीची हाताळणी यांत वर्गातील इतरांच्या पुढे असतात. गणितात चित्र उलटे असते. पदविकेत गणित मुख्यतः पहिल्या वर्षात शिकवले जाते आणि बहुतेक शाखांत त्यानंतर ते जवळजवळ थांबते. पदवीच्या तिसऱ्या सत्रात मात्र लाप्लास रूपांतर व संमिश्र चलांची फले हे भाग समोर येतात. मुंबई विद्यापीठाच्या तसेच लोणेऱ्याच्या अभ्यासक्रमात हीच स्थिती आहे. समाकलन विसरलेल्या विद्यार्थ्याला लाप्लास रूपांतर उमगणे कठीण. बारावीहून आलेल्या वर्गमित्रांनी दरम्यान गणिताची दोन सत्रे पूर्ण केलेली असतात.

त्यात वेळेची भर पडते. पदविकेचा उन्हाळी निकाल, प्रवेशाच्या फेऱ्या आणि कागदपत्र तपासणी आटोपेपर्यंत महाविद्यालयाचे तिसरे सत्र अनेकदा सुरू झालेले असते आणि पहिली अंतर्गत चाचणी तोंडावर आलेली असते. सहाव्या सत्राची परीक्षा ते प्रवेश हा दीड-दोन महिन्यांचा काळ गणित उजळण्यासाठी वापरणारे विद्यार्थी आणि निकालाची वाट पाहत तो घालवणारे विद्यार्थी यांतील अंतर तिसऱ्या सत्राच्या निकालात स्पष्ट दिसते.

इतर वाटा

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात आणि तेथून पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. दहावीनंतर एकूण सात वर्षे लागत असली तरी जोडारी किंवा वीजतंत्रीच्या कामापासून अभियांत्रिकी पदवीपर्यंतची ही साखळी कोठेही तुटत नाही. औषधनिर्माणशास्त्रात बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. नोकरी करणाऱ्या पदविकाधारकांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून सोयीच्या वेळेतील पदवी अभ्यासक्रमांना मान्यता दिली असून त्यासाठी किमान एका वर्षाचा कामाचा अनुभव लागतो.

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत अशी ठरलेली वाट दीर्घकाळ नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील बहुविध प्रवेश व निर्गमनाची तरतूद आणि २०२१ मध्ये नियमबद्ध झालेली शैक्षणिक श्रेयांक बँक यांमुळे एका महाविद्यालयातील श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय कागदोपत्री झाली आहे. ते श्रेयांक स्वीकारायचे की नाही, हा निर्णय मात्र प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्याच हाती आहे.